एकोणिसाव्या शतकातील वास्तववादी व्यक्तिचित्रे आणि एचिंगचे तंत्र

इतिहासग्रंथांत छापलेली व्यक्तिचित्रे आपण बहुधा पुरावा म्हणून पाहतो. ती कोणत्या प्रक्रियेतून सिद्ध झाली, याची विचारणा क्वचितच होते. १८५४ मध्ये दिस्देरीने पॅरिसमध्ये कार्डाच्या आकाराच्या स्वस्त छायाचित्रांचे पेटंट घेतले आणि मुद्रित व्यक्तिचित्राची सद्दी संपली, असे सरधोपटपणे सांगितले जाते. प्रत्यक्षात १८६२ मध्ये त्याच शहरात प्रकाशक कादार याच्या पुढाकाराने एचिंग करणाऱ्या कलावंतांची संस्था स्थापन झाली.

एचिंगमध्ये तांब्याच्या पत्र्यावर मेण व राळ यांचा लेप देतात. सुईने तो खरवडला की उघडा पडलेला धातू आम्ल खाते. ज्या रेषा फिकट हव्यात त्या वॉर्निशने झाकून पत्रा पुन्हा आम्लात सोडतात. उरलेल्या रेषा अधिक खोल होतात व अधिक शाई धरतात. म्हणजे गालावरची छाया आणि कोटाचा काळेपणा यांतील अंतर हाताइतकेच आम्लातील मिनिटांवर ठरते. वास्तववादाची चर्चा करणारे समीक्षक विषयावर पाने खर्च करतात, या मिनिटांवर मात्र एक ओळही नाही!

फेलिक्स ब्राकमाँ याने १८८२ मध्ये केलेल्या एदमाँ द गाँकूर यांच्या चित्रात त्वचा, केस, वस्त्र यांचा पोत बारीक रेषांनी निरनिराळा उमटतो. पत्रा अनेक अवस्थांतून गेला. प्रत्येक अवस्थेचा ठसा काढून पुढील काम ठरले. स्वीडनचा आंदर्स झोर्न १८९२ मध्ये एर्नेस्त रेनाँ यांचे चित्र करताना नेमके उलट करतो. तिरप्या, समांतर, घाईच्या वाटणाऱ्या रेषांचे झोत चेहऱ्यावरून आणि टेबलावरील पुस्तकांवरून सारखेच वाहतात. बाह्यरेषा जवळजवळ नाहीच. तरीही थकलेल्या वृद्ध देहाचे जडपण जाणवते. रेनाँ त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निवर्तले. प्रस्तुत लेखकाच्या मते तपशिलाची विपुलता हा वास्तववादाचा निकष मानल्यास झोर्नला न्याय देता येत नाही.

पुरावा म्हणून अशी चित्रे वापरताना आणखी एक दक्षता हवी. पत्र्यावर सरळ रेखाटलेली आकृती कागदावर उलटी उमटते. म्हणून छायाचित्राशी ताडताना, केसांचा भांग किंवा लिहिता हात कोणता हे ठरवण्यापूर्वी, ठसा आरशात पाहून घ्यावा.