जपानी नीळ

(लॅ. पर्सिकारिया टिंक्टोरिया, पॉलिगोनम टिंक्टोरियम, कुल–पॉलिगोनेसी). चुक्याच्या कुलातील वर्षायू ओषधी. मूळस्थान दक्षिण चीन व व्हिएतनामचा परिसर असावे. लागवड जपान, चीन व कोरियात. उंची साधारण ५०–८० सेंमी.; खोड तांबूस, पेऱ्यांशी फुगीर; प्रत्येक पेऱ्याभोवती नळीसारखे पातळ आवरण. फुले लहान, गुलाबी किंवा पांढरी, कणिशात येतात. जखम झालेले पान वाळताना निळे पडते. कुलातील इतर तणांमधून ही वनस्पती ओळखण्याची ही सोपी खूण.

भारतीय नीळ (इंडिगोफेरा) शिंबावंत कुलातील असून तिचे हिच्याशी नाते नाही; मिळणारा रंग मात्र तोच. पानात इंडिकन हे रंगहीन द्रव्य असते. पेशी फुटल्या की त्यातून इंडॉक्सिल सुटते व हवेतील ऑक्सिजनाने त्याची नीळ बनते.

जपानमध्ये लागवडीचे मुख्य क्षेत्र शिकोकू बेटावरील तोकुशिमा (जुना आवा प्रांत). योशिनो नदीला वादळांच्या दिवसांत पूर येत असल्याने खोऱ्यात भाताचा भरवसा नसे. नीळ मात्र वसंतात पेरून पुरापूर्वीच कापता येई, आणि पुराने आणलेला गाळ पुढच्या पिकाला खत होई. हाचिसुका सरदार घराण्याच्या आश्रयाने येथील व्यापार देशभर पसरला. वाळवलेली पाने ओलावून, ढीग वारंवार उलथून सुमारे शंभर दिवस कुजवतात. या मालाला सुकुमो म्हणतात. राखेच्या निवळीत तो आंबवला की पाण्यात न विरघळणारी नीळ जिवाणूंमुळे विरघळते. त्यात बुडवलेले सूत बाहेर काढल्यावर हवेत निळे होते. एवढ्या श्रमांचे मोल ताज्या पानांच्या झटपट रंगाईवरून कळणार नाही. ही वनस्पती खऱ्या अर्थाने सुकुमोसाठीच महत्त्वाची आहे.

भारतीय निळीची आयात आणि १८९७ मध्ये जर्मनीतील बीएएसएफ कंपनीने बाजारात आणलेली कृत्रिम नीळ यांमुळे विसाव्या शतकात हे पीक झपाट्याने घटले. आवा निळीची निर्मिती १९७८ मध्ये जपान सरकारने जतन करावयाच्या तंत्रांत समाविष्ट केली.

कोरियात नाजू परिसर निळीच्या रंगाईसाठी प्रसिद्ध आहे.

औषधी उपयोग : पानांपासून केलेले निळे चूर्ण (छिंगदाय) चिनी वैद्यकात वापरतात, ते अन्य नीळवनस्पतींपासूनही करतात. आतड्याच्या व्रणयुक्त दाहावर ते घेणाऱ्या काही रुग्णांना फुप्फुसी धमन्यांचा उच्चदाब झाल्याने जपानच्या आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये इशारा दिला. वैद्यकीय देखरेखीशिवाय ते घेऊ नये.