नागपूरची सरगम, गोव्याचा ट्रम्पेट

नागपुरात शंकरराव सप्रे यांच्यापाशी ज्या मुलांनी स्वरसाधना केली, त्यांत वसंतराव देशपांडे होते आणि रामचंद्र चितळकरही होते. वसंतरावांनी पुढे शास्त्रीय गायन व नाट्यसंगीत गाजवले. चितळकर चित्रपटसृष्टीत गेले, ‘सी. रामचंद्र’ झाले आणि त्यांनी जॅझचा ठेका घरोघरच्या रेडिओपर्यंत पोचवला. रागदारीच्या संस्कारात वाढलेल्या या संगीतकाराला जॅझचे सोबती कोठे लाभले? या प्रश्नाचा माग मुंबईच्या नृत्यगृहांतून थेट गोव्यातील देवळांच्या आवारात जातो.

१९३५ साली लिऑन ॲबी हे कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला वाद्यवृंद घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आले. त्यांच्यामागून ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड यांनी तेथील रात्री जागवल्या. त्या वाद्यवृंदांचे कसब पाहण्यास आलेले गोव्याचे तरुण काही काळाने स्वतःच मंचावर बसू लागले. फ्रँक फर्नांड यांनी वेदरफर्ड यांच्या वाद्यवृंदात ट्रम्पेट वाजवला.

ही योग्यता एका रात्रीत आली नव्हती. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचण्यास आणि व्हायोलिन वाजवण्यास शिकवले जाई. हेतू होता मिस्साच्या गायनाचा. पोटासाठी मुंबई गाठलेल्या, धोबी तलावाच्या आसपास गावाच्या कुडीत पथारी टाकणाऱ्या तरुणाला ही विद्याच भाकर देई. सकाळी देवळातील स्तोत्र, रात्री नृत्यगृहातील जॅझ. कागदावरच्या पाच रेषा त्याच. रात्रीच्या या धंद्याकडे नाक मुरडणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावयास हवे होते.

हळदोण्याचे आंतोनियो शावियर वाझ (१९१६–१९६७) हे यांतील सर्वांत तेजस्वी नाव. रसिक त्यांना ‘चिक चॉकलेट’ म्हणत आणि त्यांची तुलना लुई आर्मस्ट्राँगशी करीत. ताजमध्ये वाजवणारे हे चिक सी. रामचंद्रांचे सहायक झाले. आपल्या परंपरेत सर्व साथीदार एकाच चालीमागून जातात. पाश्चात्य वाद्यवृंदात मात्र ट्रम्पेट, सॅक्सोफोन, पियानो यांना निरनिराळे स्वर एकाच वेळी वाजवावयाचे असतात आणि ते आधी लिहून द्यावे लागतात. तेथे नागपूरच्या सरगमीला गोव्याच्या स्वरलिपीची जोड मिळाली. १९५१ च्या ‘अलबेला’त चिक आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतात.

चिक दिसले, त्यांचे नाव तरी राहिले. रात्री नृत्यगृहात व दिवसा ध्वनिमुद्रणास बसणाऱ्या कितीतरी वादकांची नावे ना श्रेयनामावलीत आली, ना तबकडीवर. गाणे सर्वांच्या ओठी राहिले आणि ते वाजवणारे हात विसरले गेले.

आपल्यापैकी कोणाच्या घरी आजोबांच्या ट्रंकेत स्वरलिपीचे पिवळे कागद असतील, तर ते रद्दीत घालू नयेत. त्यांच्या कोपऱ्यात कोणा वादकाचे नाव लिहिलेले असू शकेल. ते वाचून, उतरवून ठेवणे हेही ऋण फेडणेच आहे.