कुलाबा जिल्ह्यातला बेंजो

पनवेल तालुक्यातल्या एका बेंजो पार्टीने आपले जुने वाद्य तपासायला दिले. त्यावर कारखान्याचे नाव नाही, क्रमांकही नाही. हळदीला आणि गणपतीत वाजणारा आपला बेंजो म्हणजे बुलबुल तरंग. त्याचा पूर्वज ताइशोगोतो, गोरो मोरिता यांनी १९१२ साली नागोयात घडवलेला. डाव्या हाताने टाइपरायटरसारख्या चाव्या दाबायच्या, उजव्याने नखीने तारा छेडायच्या. म्हणजे १९१२ च्या आधीचा तो नाही. एवढ्याने काही साधत नाही.

हा बेंजो विजेवर वाजतो. हार्मनी, सिल्व्हरटोन अशा विजेवरच्या स्वस्त अमेरिकन गिटारींचा काळ काढणारे आधी व्हॉल्यूमच्या पॉटची, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागाची, पाठ बघतात. तिथे १३७६६३३ असा आकडा असला, तर १३७ ही सीटीएस कंपनीची खूण, ६६ म्हणजे १९६६ आणि ३३ म्हणजे त्या वर्षातला तेहतिसावा आठवडा. गिटार त्याआधीची नाही, इतकेच त्यावरून ठरते; पॉट गोदामात किती काळ पडून होता, ते आकडा सांगत नाही. आपल्या बेंजोच्या पॉटवर नुसते ‘५०० के’ आहे. तो रस्ता बंद.

जॅकच्या भोकाकडे मात्र नीट पाहावे. बाकी सगळीकडे पॉलिश आहे, भोकाच्या कडेला कोरे लाकूड. वाद्य आधी साधे होते आणि मागाहून कुणीतरी विजेवर आणले, हे मी जवळजवळ निश्चित मानतो.

त्या कारागिराने पिकअपच्या तांब्याच्या तारेवर मराठी वर्तमानपत्राचा कपटा डिंकाने गुंडाळला आहे. ‘रविवार, २९ ऑगस्ट’ स्पष्ट वाचता येते. वर्ष फाटले आहे. १९८० च्या दशकात हे वाद्य विजेवरच वाजत होते, असे जुने वादक सांगतात. तोंडी साक्ष वर्षाला पुरत नाही, दशकाला पुरते. तेवढ्या भरवशावर पंचांगे चाळली. २९ ऑगस्टला रविवार १९५४, १९६५, १९७१, १९७६ आणि १९८२ साली होता.

किमतीपुढे ‘पैसे’ आहे. १ एप्रिल १९५७ पूर्वी आणे चालत, आणि ‘नये पैसे’मधले ‘नये’ १ जून १९६४ ला गळले. १९५४ बाद. कपट्याच्या मागे एका जाहिरातीचा पत्ता ‘मुंबई ४०० ०’ इथे तुटतो. पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला. १९६५ आणि १९७१ हीही गेली.

उरली दोन वर्षे. वाद्याच्या दर्शनी फळीवर रंगाने लिहिले आहे, ‘ता. पनवेल, जि. कुलाबा’. कुलाब्याचे रायगड झाले १ जानेवारी १९८१ ला. पण फळीवरची अक्षरे पिकअपच्या कितीतरी आधीची असू शकतात, ही शंका रास्त आहे. म्हणून जॅकची पत्र्याची पट्टी काढून पाहिली. ‘कुलाबा’चा शेवटचा काना पट्टीवर चढला आहे आणि पट्टीखाली रंगाचा मागमूस नाही. आधी पट्टी, मग अक्षरे. हा काना मला कपट्याहून मोलाचा वाटतो.

तेव्हा कपटा १९७६ चा, आणि वाद्य विजेवर आले ते त्या ऑगस्टनंतर, बहुधा १९८० संपण्याआधी. ‘बहुधा’ अशासाठी, की पेंटरने सवयीने जुनाच जिल्हा लिहिला असेल तर १९८२ पुन्हा उभे राहते. मूळ लाकडी वाद्य याहून जुने. त्याचा पुरावा असलाच तर चाव्यांच्या पट्टीखाली असेल; पण ती खिळ्यांनी ठोकलेली आहे आणि पार्टीला येत्या गणपतीत बेंजो वाजता हवा आहे, म्हणून ती उघडलेली नाही.