ताम्रपट-कोरणी
तांब्याच्या पत्र्यावर टोकदार हत्याराने अक्षरे खोदण्याची कला. चंद्रपूर परिसरात तिचे जुने, मोलाचे पुरावे मिळाले आहेत : वरोरा तालुक्यातील वडगावचा वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट, आणि भांदक (भद्रावती) येथील राष्ट्रकूट पहिला कृष्ण याचा शके ६९४ चा (इ. स. ७७२). वाकाटकांची लिपी पेटिकाशीर्षक, म्हणजे अक्षराच्या माथ्यावर बारीक चौकट असलेली. अशा चौकटी ओळीमागून ओळी सारख्या मापात उतरवणे ही कारागिराची खरी कसोटी. अभ्यासक दानाचा मजकूर वाचतात. तो कोरणाऱ्या हाताकडेही तितक्याच आदराने पाहायला हवे. वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांचे लेख १९६३ मध्ये एकत्र प्रसिद्ध केले.

आज धातूवरील कोरीवकाम वायुचलित कोरणीनेही शिकता येते. दाबाखालच्या हवेने मुठीतला दट्ट्या ठोके देतो, पायपट्टीने त्यांचा जोर कमीजास्त होतो. हातोडी सुटते आणि हात फक्त दिशा देतो. धार मात्र स्वतःच लावावी लागते. बोथट टोक घसरते, पत्र्यावर ओरखडा उठतो. नवशिक्याने आधी धार, मग समांतर सरळ रेषा, नंतर वळणे असा क्रम ठेवावा. वळणावर हत्यारापेक्षा पत्रा पकडलेला व्हाइस फिरवावा.