टेन्शन, ताण आणि सर्पगंधा

मार्च १९४४. वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा येथील नौदल रुग्णालयात हॉवर्ड ब्रुएन या हृदयरोगतज्ज्ञाने राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना तपासले. रक्तदाब १८६/१०८, हृदय थकलेले. १२ एप्रिल १९४५ रोजी तोच आकडा ३००/१९० वर गेला आणि मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचा अंत झाला. महायुद्ध जिंकत आलेल्या महासत्तेच्या प्रमुखावर दाब उतरवणारा उपचार का झाला नाही? तसे परिणामकारक औषध हाताशी नव्हते, हे एक कारण. दुसरे कारण शब्दांत दडलेले होते.

संस्कृत 'तन्' आणि लॅटिन 'तेंदेरे' हे ताणण्याचा अर्थ सांगणारे धातू एकाच कुळातले. म्हणजे आपला 'ताण' आणि इंग्रजांचे 'टेन्शन' ही चुलत भावंडेच! धनुर्वाताचे 'टिटॅनस' हे नावही त्याच घराण्यातले. युरोपीय वैद्यकात 'टेन्शन' हा दीर्घकाळ धमनीचा गुण होता. नाडी बोटाखाली किती ताठ लागते, यावरून तो जोखला जाई. मोजमापाची सुरुवात झाली ती एका पाद्र्याच्या हातून. स्टीफन हेल्स यांनी जिवंत घोडीच्या धमनीत पितळी नळी घालून तिला उभी काचनळी जोडली. रक्त ८ फूट ३ इंच चढले. ही नोंद १७३३ मध्ये प्रसिद्ध झाली. माणसासाठी सोय व्हायला १८९६ उजाडले: इटलीत रीव्हा-रोच्ची यांनी दंडाला बांधायचा हवेचा पट्टा आणला. १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी त्याला स्टेथोस्कोपची जोड दिली.

आकडा मिळाला, अर्थ मात्र निसटला. कारण न सापडणाऱ्या उच्च रक्तदाबाला 'इसेन्शियल हायपरटेन्शन' म्हणत. अनेक डॉक्टरांनी त्यातल्या 'इसेन्शियल'चा अर्थ 'आवश्यक' असाच घेतला: अरुंद झालेल्या वाहिन्यांतून रक्त ढकलायला वाढीव दाब हवाच. १९३१ मध्ये जॉन हे या ब्रिटिश डॉक्टरांनी तर असे बजावले की, खरा धोका दाब वाढल्याचे कळण्यातच आहे; कळले की कुणी ना कुणी मूर्ख तो उतरवू पाहणारच.

गंमत अशी की, त्याच वर्षी भारतात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस सर्पगंधेच्या मुळीविषयी लिहीत होते. उन्माद आणि रक्तदाब, दोन्हींवर तिचा गुण येतो, असे त्यांचे निरीक्षण होते. जगाचे लक्ष वेधले गेले ते मुंबईच्या रुस्तम जाल वकील यांच्यामुळे. त्यांनी ५० रुग्णांवरील अनुभव १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील संशोधकांनी या मुळीतून रेसर्पीन वेगळे केले. दोनच वर्षांत नेथन क्लाइन ते न्यूयॉर्कमध्ये मनोरुग्णांना देऊ लागले.

धमनीचा ताण आणि मनाचा ताण एकाच मुळीने सैल होतो म्हटल्यावर 'हायपरटेन्शन' म्हणजे 'फार टेन्शन' हा समज बळावला, तर नवल नाही. पण तो अपुराच: शांत, हसतमुख माणसाचाही रक्तदाब चढलेला असू शकतो. शिवाय रेसर्पीन घेणारे काही रुग्ण खिन्नतेत बुडाल्याच्या नोंदी त्याच दशकात येऊ लागल्या.

'आवश्यक' दाबाचा वाद निकाली निघाला तो १९६७ मध्ये. अमेरिकेत एडवर्ड फ्रीस यांनी माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील तीव्र रक्तदाबाच्या १४३ पुरुषांचे दोन गट केले. औषध न मिळालेल्यांत २७ गंभीर घटना घडल्या, औषध मिळालेल्यांत केवळ २. त्या उपचारातील तीन औषधांपैकी एक रेसर्पीन होते.