शाडूची फौज : पुण्यातील दिवाळीच्या किल्ल्याचा इतिहास

१/
सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर संपतो आणि पुण्याच्या पेठांतील मुलांचे लक्ष पुस्तकांवरून मातीकडे वळते. दगड, विटा, जुनी पोती जमवली जातात. पोती चिखलात बुडवून विटांच्या ढिगावर पसरली की डोंगराचा उतार तयार होतो. वसुबारसेच्या आत किल्ला उभा राहिलाच पाहिजे, ही मुदत कुणी लिहून दिलेली नसते. परंतु ती सर्वांना ठाऊक असते. हळीव आणि मोहरी चार-पाच दिवस आधी पेरली नाही, तर लक्ष्मीपूजनाला किल्ला बोडका दिसतो.

२/
मग येते फौज. सिंहासनावरील शिवाजी महाराज, भालदार-चोपदार, तुतारीवाला, तोफ आणि तिच्याजवळचा गोलंदाज, ढाल-तलवार घेतलेले मावळे. पायथ्याशी भाजीवाली, गवळण, वासुदेव आणि विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका. गुहेत एक वाघ किंवा सिंह. बोटभर ते वीतभर उंचीच्या या रंगीत चित्रांमागे कारागिरीचा आणि इतिहासलेखनाचा मोठा प्रवास दडलेला आहे.

३/
चिमुकले सैन्य रंगवण्याचा छंद जगात अन्यत्रही जुना आहे. अठराव्या शतकात जर्मनीतील न्यूरेम्बर्ग येथे हिल्पर्ट घराण्याने कथलाचे चपटे सैनिक ओतून विकण्यास सुरुवात केली. १८९३ साली इंग्लंडच्या विल्यम ब्रिटन यांच्या कंपनीने आतून पोकळ असे शिशाचे सैनिक बाजारात आणले. धातू कमी लागल्याने ते स्वस्त झाले आणि सामान्य घरांतील मुलांच्या हाती पलटणी आल्या.

४/
१९१३ साली एच. जी. वेल्स या विख्यात लेखकाने या सैनिकांना घेऊन खेळावयाच्या लढाईचे नियम ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात मांडले. खेळण्यातली तोफ लाकडी गोळी उडवी आणि जमिनीवरचे सैनिक पाडी. वेल्स स्वतः युद्धाचा विरोधक होता. ज्यांना युद्धाची हौस आहे त्यांनी ती अशा खेळावर भागवावी, हा त्याचा उपरोध होता. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले.

५/
पुढे या खेळात कल्पित जगे शिरली. १९७५ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या गेम्स वर्कशॉप या संस्थेने १९८३ मध्ये ‘वॉरहॅमर’ हा खेळ आणला. त्यात राक्षस, बुटके योद्धे आणि जादूगार यांच्या फौजा असतात. माणसाची प्रतिमा साधारण २८ मिलिमीटर उंच. तिला आधी एकरंगी अस्तर, मग मूळ रंग, मग छाया, शेवटी डोळे. शंभर सैनिक एकट्याने रंगवू पाहणारा बहुधा अर्ध्यावर थकतो. म्हणून मित्रमंडळी ‘या महिन्यात एवढी तुकडी पुरी करायची’ असे ठरवून एकत्र बसतात.

६/
पुण्याच्या वाड्यांतील मुलांनी हीच युक्ती स्वतंत्रपणे साधली आहे. एकजण माती कालवतो, दुसरा बुरूज वळतो, तिसरा गेल्या वर्षीच्या मावळ्यांना नवा रंग देतो. मुदत सर्वांची एक. मात्र एक मूलभूत फरक आहे. वेल्सच्या किंवा वॉरहॅमरच्या खेळात समोर शत्रूची फौज असते आणि अखेर कोणीतरी हरते. दिवाळीच्या किल्ल्यासमोर शत्रू नसतो. मावळे लढत नाहीत. ते पहारा देतात. त्यांच्या पहाऱ्याखाली भाजीवाली भाजी विकते आणि शेतकरी नांगर धरतो. हा खेळ लढाईचा नसून राज्य नांदण्याचा आहे.

७/
ही प्रथा थेट शिवकाळात सुरू झाली, असे अनेकदा सांगितले जाते. परंतु राजाराम महाराजांच्या काळात जिंजी येथे कृष्णाजी अनंत सभासद याने लिहिलेल्या बखरीत मुलांच्या किल्ल्यांचा उल्लेख नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांवर स्वतंत्र प्रकरण आहे, त्यातही नाही. त्यामुळे हा दावा श्रद्धेचा मानावा, पुराव्याचा नव्हे. कागदोपत्री माग काढता येतो तो मातीच्या चित्रांचा आणि ती घडवणाऱ्या हातांचा.

८/
हे हात प्रामुख्याने दोन समाजांचे. एक कुंभार; कसबा पेठेतील कुंभारवाडा आणि कुंभार वेस ही नावे त्यांचीच साक्ष देतात. दुसरे जीनगर. ‘जीन’ म्हणजे घोड्याचे खोगीर. ते बनवणारा तो जीनगर. ज्या राज्याची शक्ती घोडदळात होती, त्या राज्यात हा कारागीर मोलाचा होता.

९/
नोव्हेंबर १८१७ मध्ये शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. पुढच्या वर्षी मे महिन्यात तोफांच्या माऱ्यानंतर रायगड पडला. पेशव्यांचे घोडदळ मोडले आणि खोगिरांची जुनी मागणीही त्याबरोबर सरली. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी नोंदींत जीनगर नाना उद्योग करताना दिसतात : धातूचे ओतकाम, कोरीव काम, चित्रे रंगवणे, पेट्या व घड्याळे दुरुस्त करणे आणि मातीच्या मूर्ती घडवणे.

१०/
१८८५ साली प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये शहरातील प्रमुख हस्तोद्योगांत तांब्या-पितळेची भांडी, रेशीम, जर यांच्या जोडीने मातीच्या चित्रांचाही समावेश आहे. म्हणजे एका पिढीने खऱ्या घोडेस्वारासाठी खोगीर शिवले आणि तिच्या वंशजांनी मातीचा घोडेस्वार घडवला. मराठेशाहीच्या अस्ताचा सामान्य कारागिराच्या घरात काय अर्थ झाला, हे सांगणारा याहून बोलका तपशील क्वचितच सापडेल.

११/
याच काळात महाराष्ट्रात शिवचरित्राची नव्याने ओढ लागली. १८६९ मध्ये महात्मा फुले यांचा शिवाजी महाराजांवरील पोवाडा प्रसिद्ध झाला. १८९६ मध्ये टिळकांच्या प्रेरणेने रायगडावर उत्सव झाला. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. १९२८ मध्ये पुण्यातील श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात शिल्पकार करमरकर यांनी घडवलेला भव्य अश्वारूढ पुतळा उभा राहिला. महाराज कसे दिसत असावेत, या प्रश्नाला प्रत्येक पिढी आपापले उत्तर देत होती.

१२/
हा प्रश्न साधा नव्हता. महाराजांचे म्हणून दीर्घकाळ प्रचारात असलेले एक चित्र प्रत्यक्षात भलत्याच सरदाराचे होते. १९३३ मध्ये संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी महाराजांचे अस्सल चित्र लोकांसमोर आणले. साच्यातून निघणाऱ्या इवल्या मूर्तीवर नाक-डोळे रेखणारा कारागीर कोणते चित्र डोळ्यांसमोर ठेवतो, यावर हजारो घरांतील मुलांच्या मनातला शिवाजी ठरतो. त्या अर्थाने बेंद्रे यांचे संशोधन कुंभारवाड्यापर्यंत पोहोचणारे होते.

१३/
चित्र घडते ते असे. साच्याच्या दोन भागांत माती दाबून पुढची व मागची बाजू काढतात, ओल्या मातीने सांधा जुळवतात, सावलीत सुकवतात. मग पांढरे अस्तर. त्यावर अंगरखा, पागोटे, शेला यांचे रंग. मिशी आणि डोळे सर्वांत शेवटी. कारण तेथे हात चुकला तर मावळ्याचा चेहराच बदलतो. न्यूरेम्बर्ग असो वा कसबा पेठ, रंगाचा क्रम जवळजवळ सारखाच आहे.

१४/
आता या फौजेकडे इतिहासाच्या नजरेने पाहावे. मावळा म्हणजे मावळचा रहिवासी. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ, हिरडस मावळ, गुंजण मावळ, मुठे खोरे ही सह्याद्रीच्या कुशीतील खोरी पुण्याच्या पश्चिमेस व नैर्ऋत्येस पसरली आहेत. पुण्याचे मूल ज्या मावळ्याला बुरुजावर उभे करते, त्याचे गाव अनेकदा तासा-दोन तासांच्या अंतरावर आहे.

१५/
सभासदाने या सैन्याची रचना नोंदवली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांचा हजारी. आणि प्रत्येक पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. पखालजी म्हणजे पखालीने पाणी वाहणारा. नालबंद म्हणजे घोड्यांना नाल ठोकणारा. तलवारीइतकेच पाण्याने आणि नालेनेही राज्य चालते, हे त्या व्यवस्थेला पक्के ठाऊक होते. दिवाळीच्या बाजारात मात्र मावळे ढिगाने मिळतात. पखालजी आणि नालबंद सहसा मिळत नाहीत.

१६/
बाजारातले मावळे एकाच रंगाचे असतात. साचा एक, रंगाचा डबा एक, म्हणून पागोटीही एकसारखी. शिवकाळातील शिपायाला आजच्यासारखा एकछाप सरकारी गणवेश नव्हता. मराठी राज्यात एकसारख्या पोशाखाच्या कवायती पलटणी ठळकपणे दिसू लागतात त्या अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, महादजी शिंदे यांच्या फौजेत. तेव्हा ज्या मुलाच्या मावळ्यांचे रंग अपुऱ्या डब्यांमुळे वेगवेगळे झाले, त्याची फौज नकळत इतिहासाच्या अधिक जवळ जाते.

१७/
सर्वांत मोठा फरक दरवाजात आहे. मुलांच्या किल्ल्याचा दरवाजा दर्शनी बाजूस असतो आणि त्याच्यापर्यंत सरळ, रुंद पायऱ्या जातात. रायगडाच्या महादरवाजाची गोष्ट उलटी. तो दोन बुरुजांच्या वळणाआड लपलेला आहे; अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. हत्तीला धडक देण्यासाठी धाव घेता येऊ नये आणि तोफेचा थेट मारा बसू नये, ही त्यामागची योजना. खरा किल्ला शत्रूला चकवण्यासाठी बांधला जातो. दिवाळीचा किल्ला शेजाऱ्यांना दाखवण्यासाठी. दोघांचे दरवाजे वेगळे असणारच.

१८/
काही बाबतींत मात्र मुले आज्ञापत्राच्या वाटेनेच जातात. गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, असे अमात्य बजावतात. डोंगर रचतानाच मुलेही तळ्याची जागा ठरवतात आणि पाणी झिरपू नये म्हणून मातीत करवंटी किंवा जुना वाडगा पुरतात. गडाला एकच दरवाजा असू नये, चोरदिंडी असावी, हेही आज्ञापत्र सांगते. अनुभवी मुलांच्या किल्ल्यात मागच्या बाजूस एक चोरवाट हमखास असते. तिच्यातून उदबत्तीचा धूर बाहेर काढण्याची हौसही जुनी आहे.

१९/
प्रमाणाचा हिशेब येथे कोणी ठेवत नाही. महाराज दरवाजापेक्षा उंच, कोंबडी घोड्याएवढी, आणि मावळ्यांच्या रांगेत एखादा बंदूकधारी आधुनिक जवानही उभा. हे अज्ञान म्हणून हसण्यासारखे नाही. जुन्या दरबारी चित्रांतही राजा इतरांहून मोठा दाखवला जाई, कारण तेथे उंची अंगाची नसून मानाची असे. मुलाच्या मनातही तोच न्याय चालतो.

२०/
पुण्यात अंगण आक्रसले तसा किल्लाही हलला. वाड्याच्या चौकातून तो सोसायटीच्या पार्किंगमध्ये आला, काही घरी गॅलरीत चढला. माती विकत आणावी लागते. शाडूच्या जागी प्लास्टर ऑफ पॅरिसची चित्रे आली. ती पाण्यात विरघळत नाहीत. तयार किल्लेही मिळू लागले. दुसरीकडे अनेक मंडळे किल्ल्यांच्या स्पर्धा भरवतात आणि त्यांत विशिष्ट गडाची हुबेहूब प्रतिकृती करणाऱ्या तरुणांचे गट उतरतात. राजगडाच्या पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तिन्ही माच्या बालेकिल्ल्यापासून नेमक्या कोणत्या दिशांना जातात, हे पाहण्यासाठी ते आधी गड चढतात.

२१/
जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशातील १२ किल्ले जागतिक वारसा म्हणून नोंदवले. शिवनेरी, लोहगड, राजगड, रायगड, प्रतापगड, पन्हाळा, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतील जिंजी त्यांत आहेत. ज्या जिंजीत सभासदाने बखर लिहिली, ती याच यादीत आहे. दगडी किल्ल्यांची निगा आता कायदा आणि निधी यांच्या बळावर होईल. मातीच्या किल्ल्याला असे कोणतेही कवच नाही. तो दरवर्षी मुलांनी नव्याने उभारला तरच टिकतो.

२२/
तुळशीचे लग्न झाले की पाणी ओतून किल्ला मोडतात. माती कुंड्यांत जाते. मावळे वर्तमानपत्राच्या कागदांत गुंडाळून खोक्यात ठेवतात. कुणाची तलवार गेलेली, कुणाचा हात सांधलेला. पुढच्या वर्षी खोके उघडले की रंगरंगोटी पुन्हा सुरू. तेव्हा एखाद्या मोडक्या मावळ्याच्या पाठीवर मातीची पखाल चढवावी आणि त्याला घोड्यांजवळ उभे करावे. तलवार हरवलेल्या शिपायाला काम मिळेल, आणि सभासदाने नोंदवलेला पखालजी किल्ल्यावर हजर होईल.