डावं की उजवं?

पनवेलच्या खाडीपलीकडे उलव्याला 25 डिसेंबर 2025 पासून विमानं उतरू लागली आणि सीबीडी बेलापुरात टपरीवरच्या चहाबरोबरही आता लँडिंगवर मतं मिळतात. त्यात एक शंका ठरलेली: यंत्र बिघडलं तर? यंत्र बिघडतंच. खरी पंचाईत असते ती कुठलं बिघडलं हे ओळखण्याची. त्यासाठी किती वेळ मिळतो, ते मुंबईने एकदा पाहिलंय.

1 जानेवारी 1978, सांताक्रूझ. ‘एम्परर अशोका’, 1971 साली आलेलं एअर इंडियाचं पहिलं जम्बो, दुबईला निघालंय. 190 प्रवासी, 23 कर्मचारी. कॅप्टन मदनलाल कुकर, सहवैमानिक इंदू विरमाणी, फ्लाइट इंजिनिअर आल्फ्रेडो फारिया. सूर्य केव्हाच मावळलाय.

0 सेकंद. धावपट्टी 27, तोंड पश्चिमेला. विमान जमीन सोडतं.

साधारण 60 सेकंद. किनारा ओलांडताना ठरल्याप्रमाणे उजवं वळण, मग विमान सरळ. इथून पुढचं सगळं एका तबकडीवर येऊन ठेपतं. तिला कृत्रिम क्षितिज म्हणतात: वर आकाश, खाली जमीन, मध्ये रेघ. विमान कललं की रेघ तिरपी होते. विमान सरळ झालं, पण कॅप्टनसमोरची रेघ तिरपीच राहिली. उजवा कल दाखवत. दिवस असता तर काचेतून खरं क्षितिज दिसलं असतं. समोर होता काळाकुट्ट समुद्र. आणि शरीरावर विसंबावं, तर हळूहळू वाढणारा कल कानातल्या तोलाच्या इंद्रियाला कळतच नाही.

विमान आता डावीकडे कलू लागतं. आपलं यंत्र उलटलंय, असं कॅप्टन म्हणतात. म्हणजे निदान बरोबर होतं! त्यावर विरमाणी म्हणतात, माझंही उलटलंय, ठीक दिसतंय. घाईत निघालेलं वाक्य. त्यात होकारही आहे आणि नकारही. त्यांचं यंत्र बहुधा शाबूत होतं, आणि त्यावरचा डावा कल खरा होता. कॅप्टननी मात्र दोन्हीकडे उजवाच कल आहे असं धरलं असावं. ते विमान आणखी डावीकडे घालतात.

96 सेकंद. दोघांच्या मधोमध एक तिसरं, राखीव यंत्र आहे. फारिया त्याकडे, किंवा वळण दाखवणाऱ्या काट्याकडे, कॅप्टनचं लक्ष वेधू पाहतात.

101 सेकंद. डावा कल 108 अंश, नाक 35 अंश खाली. वांद्र्यासमोरचा समुद्र. 213 जणांपैकी कुणीही वाचलं नाही.

घातपाताची शंका टिकली नाही. चौकशीने कॅप्टनच्या हातून झालेल्या अतार्किक नियंत्रणावर बोट ठेवलं. अतार्किक? डोळ्यांपुढच्या रेघेशी ते नियंत्रण अगदी सुसंगत होतं.

कुठलं यंत्र खरं, हाच पेच पुन्हा एकदा: 25 फेब्रुवारी 2009, ॲम्स्टरडॅम, सकाळी 10:24च्या सुमारास. इस्तंबूलहून आलेलं टर्किश एअरलाइन्सचं बोइंग 737, आत 135 जण. रडार अल्टिमीटर पोटाखालून रेडिओ लहरी सोडतो आणि जमिनीवरून परतलेल्या लहरीवरून उंची काढतो. विमानात असे दोन. 1950 फुटांवर डावा सांगतो, उणे 8 फूट. म्हणजे आपण टेकलो. उजवा खरं सांगतोय. पण इंजिनांचा जोर सांभाळणारी ऑटोथ्रॉटल ऐकते डाव्याचं, आणि जोर काढून घेते.

हा डावा आधीच्या आठ लँडिंगमध्ये दोनदा असाच वागला होता. कंपनीच्या अशा विमानांतल्या या तक्रारींमागे तंत्रज्ञ महिनोन्‌महिने होते: अल्टिमीटरच्या डब्यांची डावी-उजवी अदलाबदल, अँटेना बदल, ओल शिरू नये म्हणून गास्केट. मूळ दोष हाती लागला नाही. अपघातानंतरच्या चौकशीलाही नाही.

पुढची साधारण 100 सेकंद. विमान वाजवीपेक्षा उंचावरून उतारमार्गावर येत होतं, त्यामुळे वेग उतरणं वैमानिकांना हवंच होतं. तो उतरतच राहिला. 460 फुटांवर हातातली दांडी थरथरली: वेग फारच कमी झाल्याचा इशारा.

10:26. धावपट्टीच्या दीड किलोमीटर अलीकडे, नांगरलेलं शेत. नऊ जण गेले, कॉकपिटमधले तिघेही त्यातच. पुढे या जातीच्या विमानांतल्या ऑटोथ्रॉटलला दोन्ही अल्टिमीटर ताडून पाहायला शिकवलं गेलं.